बुटात चिप, कानात गाणं: नायकी-आयपॉडची ती जोडी आज परभणीच्या भरतीवाल्या पोरांना काय शिकवते?

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्याला १६०० मीटर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. परभणी असो, जिंतूर असो की गंगाखेड, पहाटे पळायला निघालेल्या पोरांच्या डोक्यात एकच आकडा फिरत असतो. ५ मिनिटं १० सेकंद. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांच्या १६०० मीटरला २० गुण आहेत आणि ते सगळेच्या सगळे हवे असतील तर या वेळेच्या आत यावं लागतं. मुलींना ८०० मीटर पळायचं असतं आणि पूर्ण गुणांसाठी वेळ असते २ मिनिटं ५० सेकंद.

अशी तयारी सुरू केली की मोबाइलवर जाहिरातीही तशाच यायला लागतात. स्मार्टवॉच, इयरबड्स, सेन्सरवाले बूट, अमुक बुटाच्या कंपनीने तमुक गॅजेटच्या कंपनीसोबत काढलेली खास आवृत्ती. सगळ्यांचं म्हणणं एकच, हे घाला आणि वेग वाढवा.

घरून मिळालेल्या पैशात एक बूट घ्यायचा की एक घड्याळ, असा प्रश्न असणाऱ्या पोरासाठी ही साधी बाब नाही. म्हणून ही भानगड नक्की काय आहे, ते समजून घेतलेलं बरं. आणि त्यासाठी थोडं मागे जायला लागतं. कारण बूट आणि गाणी वाजवणारं यंत्र यांची जोडी जगात सगळ्यात गाजली ती २००६ मध्ये.

नेमकं काय झालं होतं?

२३ मे २००६. न्यूयॉर्कमध्ये एका कार्यक्रमात ॲपलचे स्टीव्ह जॉब्स आणि नायकीचे मार्क पार्कर एकत्र आले. एक कंपनी संगीताच्या यंत्रांत पुढे, दुसरी बुटांत. दोघांनी मिळून जाहीर केलं, नायकी प्लस आयपॉड स्पोर्ट किट.

किटमध्ये दोनच वस्तू होत्या. एक छोटा सेन्सर, जो डाव्या बुटाच्या आतल्या तळव्याखाली बसायचा. दुसरा रिसीव्हर, जो आयपॉड नॅनोला खालून जोडायचा. पळायला लागलं की सेन्सर रेडिओ लहरींवरून माहिती पाठवायचा आणि आयपॉड गाणी वाजवता वाजवता किती वेळ झाला, किती अंतर झालं, वेग किती आहे हे कानात सांगायचा.

किटची किंमत होती २९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १३०० रुपये. ऐकायला स्वस्त. पण त्यासाठी आयपॉड नॅनो हवा, जो १४९ डॉलरपासून सुरू व्हायचा. आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार बूटही नायकीचाच हवा, कारण सेन्सर बसवायची खोबण त्याच बुटांत दिलेली होती.

त्या काळात मराठवाड्यातल्या गावांमध्ये गाणी ऐकायची पद्धत वेगळीच होती. मोबाइल शॉपीत जायचं, मेमरी कार्ड द्यायचं आणि दुकानदाराकडून गाणी भरून आणायची. आयपॉड ही बहुतेकांसाठी फोटोत बघायची गोष्ट होती.

तसं हा प्रयोग करणारी ती पहिली जोडी नव्हती. नायकीने २००२ मध्ये फिलिप्सला सोबत घेऊन खेळाडूंसाठी गाणी वाजवणारी यंत्रं काढली होती. २००५ मध्ये आदिदासने बुटातच छोटी मोटर आणि प्रोसेसर बसवून पाहिला. २००८ मध्ये आदिदास आणि सॅमसंग एकत्र आले आणि त्यांनी मायकोच नावाचा फोन काढला. त्यासोबत बुटावर लावायचा सेन्सर आणि छातीला बांधायचा हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा मिळायचा. पण लोकांच्या लक्षात राहिली ती नायकी आणि ॲपलचीच जोडी.

बुटातल्या चिपला अंतर कसं कळायचं?

गंमत इथे आहे. त्या सेन्सरमध्ये जीपीएस नव्हतं. तुम्ही परभणीत आहात की पुण्यात, हे त्याला ठाऊकच नसायचं. मग किती पळालात हे तो कसा सांगायचा?

तो मोजायचा पाय जमिनीला किती वेळ टेकतो ते. चालताना पाय बराच वेळ जमिनीवर असतो. पळायला लागलं की तो वेळ कमी होतो आणि जितकं जोरात पळावं तितका आणखी कमी होत जातो. सेन्सरमधला भाग पाय आपटल्याचा आणि उचलल्याचा धक्का ओळखायचा. दोन्हींमधल्या वेळेवरून यंत्र वेगाचा अंदाज बांधायचं. वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर.

लक्षात घ्यायचा शब्द आहे अंदाज. प्रत्येकाची पळायची ढब वेगळी. कुणी टाचेवर पडतो, कुणी चवड्यावर पळतो, कुणाचं पाऊल लांब पडतं. म्हणून कंपनीनेच सोय दिली होती की आधी मोजलेल्या अंतरावर, उदाहरणार्थ ४०० मीटरच्या ट्रॅकवर एक फेरी पळा आणि यंत्राला सांगा की हे ४०० मीटर होते. मग ते तुमच्या पावलाप्रमाणे हिशोब जुळवून घेणार.

म्हणजे अंतर सांगणाऱ्या यंत्रालाही आधी कुणीतरी खरं अंतर सांगावंच लागत होतं.

आणखी एक गोष्ट. सेन्सर नायकीच्याच बुटात चालतो असं काही विज्ञान नव्हतं. बाजारात लगेच छोटे पाऊच आले. सेन्सर त्यात घालायचा, पाऊच कुठल्याही बुटाच्या लेसला बांधायचा, काम भागलं. बूट आणि यंत्राचं नातं तंत्रज्ञानापेक्षा धंद्याचं जास्त होतं.

गाण्याचं काम काय असतं?

या किटमध्ये पॉवरसाँग नावाची सोय होती. आपलं सगळ्यात जोशात आणणारं गाणं आधीच ठरवून ठेवायचं. दम लागला, पाय जड झाले की आयपॉडचं मधलं बटण दाबून धरायचं, ते गाणं सुरू.

हे नुसतं मनाचं खूळ नाही. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास कारागॉर्गिस यांनी व्यायाम आणि संगीत या विषयावर कित्येक वर्षं संशोधन केलं आहे. या संशोधनाचा सारांश असा की मध्यम वेगाच्या व्यायामात आवडीचं, ठेक्याचं संगीत असेल तर श्रम कमी वाटतात आणि माणूस जास्त वेळ टिकतो. पावलं ठेक्याशी जुळली तर फायदा आणखी होतो.

धावपटूंच्या जगात याचा एक गाजलेला किस्साही आहे. इथिओपियाच्या हैले गेब्रसेलासीने १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला २००० मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला तेव्हा स्टेडियमच्या भोंग्यावर स्कॅटमन हे गाणं वाजत होतं. त्याचा ठेका आपल्या पावलांशी जुळतो म्हणून त्यानेच ते लावायला सांगितलं होतं.

पण याच संशोधनाची दुसरी बाजू जाहिरातीत येत नाही. पूर्ण ताकदीने पळताना संगीताचा हा परिणाम उतरतो. छाती भरून येते, पायात गोळे येतात, तेव्हा शरीराचा आवाज गाण्यापेक्षा मोठा होतो. ५ मिनिटं १० सेकंदांत १६०० मीटर हे असंच पूर्ण ताकदीचं पळणं आहे. सावकाश पळायच्या ५-६ किलोमीटरला गाण्याची सोबत चांगली. शेवटच्या फेरीत मात्र सरावच कामी येतो.

शिवाय स्पर्धेत गाणं चालतच नाही. जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमांनुसार ट्रॅकवरच्या स्पर्धेत खेळाडूला कानात असं यंत्र लावून पळता येत नाही. भरतीच्या मैदानावरही कानात इयरबड्स घालून कुणी उभं राहू देत नाही. ज्याला रोज गाण्यावरच पळायची सवय लागली, त्याला नेमकं परीक्षेच्या दिवशी शांततेत पळावं लागतं. आठवड्यातले वेगाचे सराव तरी गाण्याशिवाय करावेत, ते यासाठी.

तीन टक्क्यांचा फरक किती महाग पडतो?

आता थोडं गणित. ५ मिनिटं १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद. त्यात १६०० मीटर, म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या. प्रत्येक फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. किलोमीटरच्या भाषेत सांगायचं तर ३ मिनिटं १४ सेकंदांचा वेग.

समजा, घड्याळ किंवा मोबाइल अंतर मोजताना फक्त ३ टक्के चुकलं. १६०० च्या ३ टक्के होतात ४८ मीटर. या वेगाने पळणाऱ्याला ४८ मीटर पार करायला सव्वानऊ सेकंद लागतात. म्हणजे घड्याळ म्हणतंय १६०० झाले, वेळ ५ मिनिटं ८ सेकंद, पोरगं खूश. प्रत्यक्षात तो १५५२ मीटरच पळालेला. खऱ्या मैदानावर त्याची वेळ येणार ५ मिनिटं १७ सेकंदांच्या आसपास आणि पूर्ण गुण हातचे गेले.

मोबाइलच्या जीपीएसलाही हीच अडचण. लांब, सरळ रस्त्यावर ते बऱ्यापैकी बरोबर असतं. पण छोट्या गोल मैदानावर वळणं कापली जातात, झाडांखाली आणि इमारतींजवळ सिग्नल इकडचा तिकडे होतो. दहा किलोमीटरला जी चूक चालून जाते, ती १६०० मीटरला चालत नाही.

सेकंदांची किंमत काय असते, हे परभणीकरांना बाहेरून कुणी सांगायची गरज नाही. परभणीचीच ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली, वेळ २ तास ५० मिनिटं ५३ सेकंद. २०१९ मध्ये त्याच शर्यतीत तिने २ तास ४५ मिनिटं ४८ सेकंदांची वेळ दिली आणि सुधा सिंगच्या मागे दुसरी आली. दोन वर्षांत सुधारणा ५ मिनिटं ५ सेकंदांची. ४२.१९५ किलोमीटरला भागलं तर दर किलोमीटरमागे सुमारे ७ सेकंद. मोठ्या पातळीवरची दोन वर्षांची प्रगती किलोमीटरमागे एवढ्या सेकंदांत मोजली जाते. मग मोजमापच कच्चं असेल तर प्रगती झाली की नाही, हे कळणार कसं?

भरतीत पायाला लागते ती चिप वेगळी

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. अलीकडच्या पोलीस भरत्यांमध्ये धावण्याची वेळ मोजायला आरएफआयडी टॅग वापरले जातात. मुंबईसारख्या मोठ्या मॅरेथॉनमध्येही धावपटूंना चिप मिळते. मग ही आणि ती बुटातली चिप एकच का?

नाही. आरएफआयडी टॅग पाऊल मोजत नाही, वेग काढत नाही, अंतराचा अंदाज बांधत नाही. वेळ मोजणाऱ्या अशा साध्या टॅगमध्ये बहुतेक वेळा बॅटरीसुद्धा नसते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेवर अँटेना असतो. टॅग त्याच्याजवळून गेला की त्याचा क्रमांक वाचला जातो आणि वेळेची नोंद होते. अंतर आधीच मोजून आखलेलं असतं, चिप फक्त म्हणते, हा उमेदवार या क्षणी इथून गेला.

फरक सोपा आहे. बुटातला सेन्सर अंतराचा अंदाज करतो. भरतीतला टॅग मोजलेल्या अंतरावरची वेळ नोंदवतो. गुण दुसऱ्यावर मिळतात. म्हणून घड्याळात दिसलेली वेळ दाखवून मैदानावर वाद घालण्यात काही अर्थ नसतो.

पायातली चिप तुमची ओळखही सांगत होती

नायकी-आयपॉडच्या किटची आणखी एक बाजू त्याच वर्षाअखेरीस समोर आली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की प्रत्येक सेन्सर आपला वेगळा क्रमांक हवेत पाठवत असतो आणि सुमारे ६० फुटांवरून तो पकडता येतो. स्वस्तातला रिसीव्हर ठिकठिकाणी लावून ठेवला तर अमुक बूट घातलेली व्यक्ती कधी कुठून गेली, हे कळू शकत होतं. बहुतेक लोक पळून आल्यावर सेन्सर बुटातच ठेवायचे, त्यामुळे ते बाजारात गेले तरी सेन्सर सोबतच.

आजच्या ॲपमध्ये हा धोका वेगळ्या रूपात आहे. पळून झाल्यावर नकाशासकट स्क्रीनशॉट स्टेटसला टाकायची सवय आता सगळीकडे आहे. त्या नकाशाची सुरुवात बहुतेक वेळा घराच्या दारात असते आणि वेळ रोजची ठरलेली. एकटीने पहाटे पळणाऱ्या मुलींनी हे जास्त ध्यानात ठेवावं. बऱ्याच ॲपमध्ये घराजवळचा भाग लपवायची सोय असते. ती नसेल तर नकाशा न टाकता फक्त वेळ टाकली तरी कौतुक तेवढंच होतं.

मग ती जोडी गेली कुठे?

काही वर्षं तिचा जोर होता. पळून झाल्यावर आयपॉड कॉम्प्युटरला जोडायचा, नोंद वेबसाइटवर जायची, मित्रांशी तुलना व्हायची. ३१ ऑगस्ट २००८ रोजी नायकीने जगातल्या २५ शहरांत एकाच दिवशी १० किलोमीटरची शर्यत भरवली. आज धावण्याचे ॲप जे करतात, त्याची ही सुरुवात होती.

पण फोनने तिची गरज संपवली. फोनमध्ये जीपीएस आलं, गाणी आली, इंटरनेट आलं. २०१० मध्ये खुद्द नायकीनेच धावण्याचं ॲप काढलं, ज्याला बुटातल्या सेन्सरची गरज नव्हती. २०१६ मध्ये दोन्ही कंपन्या परत एकत्र आल्या, पण या वेळी घड्याळासाठी. चिप बुटातून निघून मनगटावर गेली. १० मे २०२२ रोजी ॲपलने शेवटचा आयपॉडही बंद करत असल्याचं जाहीर केलं.

सेन्सरची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. त्याची बॅटरी बदलताच येत नव्हती. बॅटरी संपली की सेन्सर फेकायचा आणि नवा घ्यायचा.

आणि लोकांनी जमवलेल्या नोंदींचं काय? नायकीने २०१२ मध्ये आणलेल्या फ्युएलबँड या मनगटी पट्ट्याची सेवा ३० एप्रिल २०१८ ला बंद झाली. पट्टा शाबूत, पण तो ज्याच्याशी बोलायचा ते सर्व्हरच नाही. आदिदासनेही मायकोच गुंडाळलं. कंपन्यांची जोडी नफा असेपर्यंत टिकते. पळणाऱ्याची मेहनत मात्र तिच्या यंत्रात अडकून बसते.

मग परभणीच्या पोराने घ्यायचं काय?

पहिली गोष्ट म्हणजे बूट. पायाला नीट बसणारा, पुढे बोटांना जागा असणारा, तळवा अजून न झिजलेला. चिप असो वा नसो, जमिनीला टेकणार आहे तो बूटच. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते इथे जावेत.

दुसरी गोष्ट, मोजलेलं अंतर. जवळ ४०० मीटरचा आखलेला ट्रॅक असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर लांब मोजपट्टी घेऊन चार मित्रांनी सरळ रस्त्यावर १०० मीटर मोजावेत आणि चुन्याने खुणा कराव्यात. अर्ध्या तासाचं काम, खर्च जवळपास शून्य आणि कुठल्याही महागड्या घड्याळापेक्षा अचूक.

तिसरी गोष्ट, स्टॉपवॉच. ते साध्या मोबाइलमध्येही असतं. मुलांनी ४०० मीटरला साडेसत्त्याहत्तर सेकंद आणि मुलींनी ८५ सेकंद हा आकडा पाठ करावा. मित्राने प्रत्येक फेरीला वेळ ओरडून सांगितली की आयपॉड कानात जे सांगायचा, तेच काम झालं.

चौथी गोष्ट, वही. तारीख, अंतर, प्रत्येक फेरीची वेळ, त्या दिवशी कसं वाटलं. परभणीची थंडी आणि परभणीचं ऊन दोन्ही कडक. डिसेंबरमधली वेळ आणि एप्रिलमधली वेळ सारखी येणार नाही. हवा कशी होती हेही लिहिलं की वेग का घसरला हे नंतर कळतं, उगाच खचायला होत नाही. आणि वहीचं सर्व्हर कुणी बंद करू शकत नाही.

घड्याळ किंवा पट्टा आधीच हातात असेल तर तो फेकायची गरज नाही. मोजलेल्या ट्रॅकवर एकदा पळून तो किती चुकतो ते बघावं आणि तेवढा फरक धरून त्याचे आकडे वाचावेत. रोज किती पळालो, या आठवड्यात किती दिवस बुडाले, यासाठी तो कामाचाच आहे.

आणि गाणी? जरूर ऐकावीत, पण सावकाश पळण्याच्या दिवशी आणि शक्यतो मैदानात. जिंतूर रोड असो की गंगाखेड रोड, पहाटेच्या अंधारात मागून येणाऱ्या गाडीचा आवाज कानापर्यंत पोहोचलाच पाहिजे. रस्त्यावर पळायचंच असेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळावं, अंगावर उजळ रंगाचे कपडे असावेत आणि दोन्ही कानांत इयरबड्स नसावेत. भरती हुकली तर पुन्हा येते.